बोलायचं माप, कापायचं माप

आमच्या दुकानात कात्र्या सात होत्या, त्यांतल्या चालणाऱ्या चार. टेप पाच, त्यांतल्या एकीचा सुरुवातीचा अर्धा इंच झिजलेला, म्हणून तिला मी लाल दोरा बांधून ठेवला होता. खडूचे तुकडे अकरा, हँगर दोनशे चार, आरसा एक. आणि त्या शनिवारी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत दारातून आत आलेली माणसं एकसष्ट. त्यांपैकी चौदा जणांनी शिवलेले कपडे नेले, नऊ जणांनी नवं कापड दिलं, आणि उरलेल्या अडतीस जणांनी फक्त "झालं का?" एवढं विचारलं आणि ते निघून गेले.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. नोकरी अजून नाही, पण मोजायची सवय सुटत नाही. बाबांच्या मते अडतीस हा आकडा म्हणजे दुकानाच्या लोकप्रियतेचा पुरावा होता. माझ्या मते ती गळती होती. कारण कपडे दुकानात शिवले जात नाहीत. नदीपलीकडे एक लांब खोली आहे, तिथे सहा मशीन, सहा बायका आणि आमची आत्या. आत्या म्हणजे कटिंग मास्टर. हातात कात्री असताना ती फोन उचलत नाही, आणि कात्री सकाळपासून तिच्या हातातच असते. त्यामुळे "झालं का?" या प्रश्नावर बाबा फोन लावणार, आत्या तो उचलणार नाही, मग बाबा अंदाजानं "उद्या या" म्हणणार, आणि ते अडतीस जण उद्या पुन्हा येणार. अशानं अडतीसाचे शंभर व्हायला किती वेळ लागेल याचा आलेखही मी काढला होता. आईनं त्याच्यावर गुंड्या पसरून ठेवल्या.

"वेबसाइट काढ," शेजारचे चष्मेवाले काका म्हणाले. काकांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि मतं जास्त. "आणि निळी काढ. निळ्या रंगावर माणसाचा विश्वास बसतो. माझं दुकान निळं आहे."

"म्हणून तर काळजी वाटते," आई म्हणाली.

पण कल्पना चांगली होती. मी आठवडाभर वाचून आराखडा केला. माहिती ठेवायची एका ठिकाणी, दूर कुठेतरी, भाड्याच्या नव्हे तर फुकटच्या एका प्रणालीत. तिचं नाव लांबलचक होतं, आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं "कोठार" केलं. आत्यानं कपडा झाला की मोबाइलवरून कोठारात "तयार" अशी खूण करायची. आमच्या वेबसाइटकडे स्वतःचं काहीच नसणार. तिनं कोठारात जायचं, तिथे जे असेल ते आणायचं आणि लोकांना दाखवायचं. वेबसाइट म्हणजे नुसती खिडकी, सामान सगळं कोठारात. गिऱ्हाइकानं घरी बसून पाहायचं, झालं असेल तरच यायचं.

"म्हणजे कोणी येणारच नाही?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. दुकानात बसून आल्यागेल्याशी बोलणं हा त्यांच्या धंद्यातला नफ्याचा भाग होता.

"कामाचे येतील, बाबा."

"कामाची माणसं फार बोलत नाहीत गं."

नोंदीला नंबर द्यावा असं माझं म्हणणं होतं. बाबांनी ते उडवून लावलं. "नंबर कोणाच्या लक्षात राहतो? पावती तर लोक त्याच खिशात विसरतात जी पँट आपल्याकडे टाकतात." आणि नावं बाबांना कोणाचीच माहीत नव्हती. त्यांना माणसं माहीत होती. त्यामुळे कोठारात नोंदी झाल्या त्या अशा: चष्मेवाले, कोट. बँकेतल्या मॅडम, स्कर्ट. लिफ्टमध्ये भेटतात ते गृहस्थ, पँट दोन. पहिल्याच दिवशी प्रत्येकानं स्वतःला बरोबर ओळखलं, यावर शास्त्रीय दृष्टीनं कोणीतरी काम करायला हवं.

आता माझ्या कौशल्याबद्दल दोन शब्द, कारण पुढे ते कोणी काढणार नाही. सामान्य माणसानं वेबसाइटला सांगितलं असतं, की बाई गं, कोठारातून तीनच गोष्टी आण: कोणाचा, काय कपडा, झाला की नाही. मी तसं केलं नाही. उद्या चौथी गोष्ट वाढली तर पुन्हा सगळं बदलत बसायचं का? मी एका ओळीत सर्वसाधारण नियम लिहिला: कोठारात जे जे असेल ते ते दाखव. ती ओळ मी तीनदा वाचली. इतकी सुटसुटीत ओळ मी चार वर्षांच्या पदवीतही लिहिली नव्हती. शिवाय फुकटच्या कोठारात फेऱ्या मोजून मिळत, म्हणून वेबसाइटनं आणलेल्या मालाची एक प्रत चोवीस तास स्वतःजवळ ठेवायची, आणि दिवसातून एकदाच जायचं, अशी काटकसरही केली.

वेबसाइट सुरू झाल्यानंतरच्या शनिवारी दारातून माणसं आली सव्वीस. नुसतं "झालं का?" विचारणारे तीन, आणि त्यांतले एक चष्मेवाले काका, जे शेजारीच असल्यामुळे धरायचे नाहीत. मी आईला आकडा सांगितला. आई म्हणाली, "बरं." आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

इथे बाबांच्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा अनर्थ कळणार नाही.

बाबा कंबरेचं माप घेतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. तो आकडा खऱ्यापेक्षा दोन इंचांनी कमी असतो. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं, जरा ताठ होतं, आणि खुशीत घरी जातं. खरा आकडा बाबा संध्याकाळी, आत्याच्या हातातली कात्री खाली गेली की, तिला फोनवर कुजबुजत सांगतात. पहिलं ते बोलायचं माप, दुसरं कापायचं माप. कपडा अर्थातच नेमका बसतो, त्यामुळे बत्तीस वर्षांत कोणाला संशय आलेला नाही. आमच्या भागातला अर्धा गाव स्वतःला दोन इंच बारीक समजून जगतो आहे. सुरुवातीला मला हे पटत नसे. पण चूक दरवेळी एकाच दिशेनं आणि तेवढ्याच अंतरानं होत असेल तर ती शास्त्रातही चालवून घेतात, म्हणून मी गप्प बसले.

आत्या मात्र त्या कुजबुजीला कंटाळली होती. "दादा, तू बोलतोस की फुंकर घालतोस?" ती विचारायची. एकदा "बत्तीस"चं "बेचाळीस" समजून तिनं बँकेतल्या मॅडमसाठी जवळजवळ तंबू कापला होता. आणि आता तर समोर अग्निशमन दलाची ऑर्डर होती. दलाची नवी इमारत उघडायची होती आणि चाळीस जवानांना नवे गणवेश हवे होते, प्रत्येकी दोन, शिवाय कोट. ती ऑर्डर मिळाली तर सहाही मशीन सहा महिने चालणार होती. नाही मिळाली तर आत्या तीन मशीन विकणार होती आणि तीन बायकांना येऊ नका म्हणणार होती. हे तिनं एकदाच सांगितलं, कापडावर खडू ओढता ओढता, मान वर न करता. दलाचे प्रमुख सोमवारी सही करायला येणार होते. त्यांची स्वतःची एक पँट नमुना म्हणून आधीच आमच्याकडे होती.

रविवारी दुपारी मी घरी झोपले होते. बाबा दुकानात एकटेच होते. मी त्यांना कोठार वापरायला शिकवलं होतं, आणि विद्यार्थी माझ्या अपेक्षेपेक्षा हुशार निघाला. त्यांनी कोठारात आपण होऊन दोन नवे रकाने वाढवले. एकाला नाव दिलं "कंबर", दुसऱ्याला "शेरा". आणि दोन बोटांनी, चहा गार करत, बत्तीस वर्षांची सगळी कापायची मापं पाठ होती तशी त्यात भरली, म्हणजे आता आत्याला कुजबुजायला नको. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "उद्या तुला एक गंमत दाखवतो."

माझ्या सर्वसाधारण नियमानं ती गंमत साऱ्या जगाला दाखवली.

सोमवारी दुकान उघडतो तर पायरीवर चष्मेवाले काका उभे. हातात मोबाइल, आणि मान डावीकडे कललेली.

"माझा डावा खांदा खाली आहे?" त्यांनी बाबांना विचारलं.

"कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणता. 'डावा खांदा अर्धा इंच खाली. त्यांना सांगू नये.' माझ्या बायकोला माहिती होतं. माझ्या मुलाला माहिती होतं. सांगितलं कोणी? वेबसाइटनं!"

मी मोबाइल घेतला. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, सुबक ओळींत, सगळं होतं. बँकेतल्या मॅडम, कंबर बत्तीस, शेरा: मागच्या वेळचंच माप घ्या म्हणतात, घेऊ नये. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, शेरा: ट्रायलला उभ्या राहतात तशा एरवी उभ्या राहत नाहीत. औषधाच्या दुकानाचे मालक, शेरा: पोट नाही म्हणतात, आहे. मी ओळी खाली सरकवत गेले आणि मध्येच थांबले. "मुलगी, घरची. शेरा: वाकून बसते. सांगून उपयोग नाही."

मी ताठ झाले. कोणाचं लक्ष नव्हतं.

"बाबा, ते रकाने पुसा. आत्ताच्या आत्ता."

बाबांनी पुसले. दोन्ही, आणि चोख पुसले. मी वेबसाइट पुन्हा उघडली. सगळं जसंच्या तसं. माझी काटकसर. खिडकीकडे कालची प्रत होती आणि ती चोवीस तास कोठाराकडे ढुंकूनही बघणार नव्हती.

"मी पुसलं तरी दिसतंय, म्हणजे पाटी आहे की शिलालेख?" बाबा म्हणाले.

"बंद करून चालू कर," चष्मेवाले काका म्हणाले.

"काय बंद करू, काका?"

"ते तू बघ. तू शिकलेली."

वेबसाइटच्या जागेचा पासवर्ड मी चोवीस अक्षरांचा ठेवला होता, कोणालाही ओळखता येऊ नये असा. प्रयोग यशस्वी झाला होता, मलाही तो ओळखता येईना. शेवटी ज्या कंपनीकडे वेबसाइटची जागा होती तिच्या मदतकेंद्राला फोन लावला. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं एक बाई मला पुनःपुन्हा सांगत राहिली, आणि तेवढ्यात दुकान भरलं.

मी मोजलं नाही, एवढ्यावरून काय ते समजा. बँकेतल्या मॅडम आल्या. "म्हणजे मी तीस नाही?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "दहा वर्षं मी सगळीकडे तीस सांगतेय हो." औषधवाले मालक आले ते पोट आत घेऊनच आले, त्यामुळे त्यांना बोलता येईना. निवृत्त शिक्षिका बाई काठी टेकत आल्या आणि चष्मा पुसून म्हणाल्या, "शेरे मुद्देसूद आहेत. आमच्या शाळेत प्रगतिपुस्तकावर असे शेरे असते तर पोरं सुधारली असती." मग आवाज खाली आणून, "पण माझा तेवढा काढा." लिफ्टमध्ये भेटतात ते गृहस्थ सगळ्यांत जास्त चिडले होते.

"तुमच्याबद्दल तर काहीच वाईट नाही लिहिलेलं," मी फोन कानाला धरून त्यांना म्हटलं.

"तेच! 'विशेष काही नाही.' पंधरा वर्षं कपडे शिवतोय मी तुमच्याकडे. विशेष काही नाही?"

आई कोपऱ्यात बसून गुंड्या लावत होती. तिनं डोकं वर केलं. "ते बदलून 'अतिचिकित्सक' करू का?" गृहस्थ थोडे निवळल्यासारखे वाटले.

आणि मग फोनवर खरा माणूस आला.

"मॅडम, आपणच या वेबसाइटच्या मालक आहात याची खात्री करावी लागेल."

"मीच बनवलीय ती."

"तसं सगळेच म्हणतात. पहिल्या पानावर सगळ्यांत वर जी नोंद दिसते ती वाचून दाखवा."

मी बघितलं. सगळ्यांत वर म्हणजे बाबांनी सगळ्यांत शेवटी भरलेली.

"दुसरी वाचू का?"

"सगळ्यांत वरची, मॅडम. मोठ्यानं आणि स्पष्ट. संभाषण ध्वनिमुद्रित होतंय."

दुकानातली माणसं काउंटरजवळ सरकली. ज्यांचे स्वतःचे शेरे वाचून झाले होते त्यांना दुसऱ्यांचे ऐकायचे होते. मी वाचलं. "अग्निशमन दलाचे प्रमुख. पँट. तयार नाही. कंबर एक्केचाळीस."

"पूर्ण नोंद, मॅडम."

"शेरा. श्वास धरतात. धरून अडतीस. छत्तीस म्हटलं की सोडतात. कापताना एक्केचाळीस धरणे."

"माफ करा, 'धरतात'नंतर आवाज तुटला. पुन्हा एकदा?"

मी पुन्हा एकदा वाचलं, या वेळी आणखी स्पष्ट. पहिले दोन शब्द होतात तोच बाहेर मोठा ब्रेक लागला. दारासमोर लाल बंब उभा होता. समोरच्या इमारतीतून कोणीतरी बादली घेऊन धावत आलं, धूर शोधला, सापडला नाही, तशी बादली खाली ठेवून तेही बघायला थांबलं. बंबातून प्रमुख उतरले. सरावावरून येत होते, मागे सहा जवान. माझं वाचून संपलं तेव्हा प्रमुख दारातच उभे होते. किती वेळ उभे होते ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

"धन्यवाद, मॅडम, खात्री पटली," फोनमधला माणूस म्हणाला. "आपलं काम चोवीस तासांत होईल. आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?"

मी फोन ठेवला.

प्रमुखांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. टोपीखाली एक घडी केलेला कागद सरकवला. "सही केलेली ऑर्डर आहे," ते म्हणाले. "मी ती परत नेणार आहे, की इथे ठेवणार आहे, हे आता ठरायचंय. तुमच्याकडे दोन मापं असतात असं वाचलं. माझी पोरं जिन्यावरून चढतात, खिडकीतून उतरतात. त्यांचे कपडे तुम्ही कुठल्या मापानं शिवणार?"

बाबा उठले. एरवी ते गिऱ्हाइकाशी बोलताना थोडे वाकतात. आता वाकले नाहीत.

"साहेब, बोलायचं माप माणसासाठी असतं. कापायचं कपड्यासाठी. कापायचं मी आजवर कधी खोटं लिहिलेलं नाही. चार वर्षं तुमचे कपडे आमच्याकडे शिवले जातायत. कधी बटण तुटलं? शिवण उसवली?"

"नाही."

"शिडीवर?"

"नाही म्हटलं ना."

"ते पोरीनं जगाला दाखवायला नको होतं," बाबा म्हणाले. "पण खोटं काही नाहीये त्यात."

पोरीनं! मी तोंड उघडलं. रकाने कोणी वाढवले, हे सांगण्यासारखं होतं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. विज्ञानात पहिला शोध कोणाचा यावरून माणसं आयुष्यभर भांडतात. या शोधावर मी हक्क सोडला.

प्रमुखांनी मागे वळून आपल्या जवानांकडे पाहिलं. सहाही जण छताकडे बघत होते. एकाचे खांदे हलत होते.

"एक्केचाळीस चूक आहे," प्रमुख म्हणाले.

"असेल. अंदाज होता. तुम्ही श्वास सोडतच नाही, तर मी मोजणार कसं?"

"मग आत्ता मोजा. इथेच. आणि आज बोलायचं आणि कापायचं एकच."

"आत पडदा आहे, साहेब. तिकडे या."

"इथेच. यांनी सगळ्यांनी ऐकलंय, तर आता नीट ऐकू दे. ऑर्डरवर माझ्या मापाचा रकाना तेवढा मोकळा आहे. तो भरला की कागद तुमचा."

बाबांनी खुंटीवरून टेप काढली. लाल दोरा नाही ना, ते मी लांबूनच पाहून घेतलं. प्रमुखांनी हात बाजूला पसरले. बाबांनी टेप मागून फिरवून पुढे आणली. दुकानातल्या सगळ्या माणसांनी, काही कारण नसताना, आपापली पोटं आत घेतली. प्रमुखांनीही घेतलं. सवय असते. टेप आवळली गेली आणि बाबा तसेच थांबले. प्रमुख पुढे कुठेतरी शून्यात बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बंबाच्या रंगाचा होत होता. बाबा वाट बघत राहिले. बत्तीस वर्षांत अशा वेळी ते दोन इंच काढून टाकून मोकळे झाले असते, पण आज ती वाट बंद होती.

"श्वास सोडा, साहेब," आई कोपऱ्यातून म्हणाली. दाताखाली दोरा धरलेलाच होता. "इथे आग लागलेली नाही."

आधी जवान हसले. मग बँकेतल्या मॅडम हसल्या, आणि हसताना त्यांनी तीसचा नाद सोडला असावा, कारण त्या एकदम मोकळ्या दिसायला लागल्या. औषधवाल्या मालकांचं पोट हसता हसता सुटलं आणि पुन्हा आत गेलं नाही. सगळ्यांत शेवटी प्रमुख हसले. एवढा मोठा माणूस श्वास धरून हसू शकत नाही, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. टेप बाबांच्या बोटांतून सरसर सरकत गेली.

बाबा ती स्थिर व्हायची वाट बघत थांबले. मग वाकून आकडा पाहिला. त्यांचं तोंड सवयीनं उघडलं, आणि मिटलं. त्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी मान हलवली.

मी ऑर्डरचा कागद उलगडला, पेनचं टोपण काढलं, पाठ सरळ केली.

बाबांनी आकडा बाहेर पायरीपर्यंत ऐकू जाईल असा सांगितला, आणि मी लिहिला: कंबर, श्वास सोडून, साडेबेचाळीस इंच.